कहकशाँ आणि सिलिंडर

उर्दूत दीर्घिकेला कहकशाँ म्हणतात. शब्द मूळचा फारसी. काह म्हणजे वाळलेला चारा, भुसा आणि कशाँ म्हणजे ओढत नेणारा. भुशाने भरलेली गाडी निघून गेली आणि मागे रस्त्यावर पांढुरकी रेघ सांडत राहिली, तसा तो आकाशातला पट्टा. मराठीने त्याच पट्ट्यात नदी पाहिली आणि त्याला आकाशगंगा म्हटले. पुढे शास्त्रज्ञांना कळले की आपली आकाशगंगा एकटी नाही, ताऱ्यांचे असे अब्जावधी समूह विश्वात आहेत. तेव्हा मराठीने त्यांच्यासाठी दीर्घिका हा वेगळा शब्द घेतला. उर्दूने मात्र भुशाची गाडी सोडली नाही. आपली ती कहकशाँ आणि दुसऱ्यांची तीही कहकशाँ.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. पदवी इंग्रजीतून घेतली, शिकवते उर्दूतून आणि घरी वर्तमानपत्र येते मराठी. त्यामुळे माझ्या टेबलावर एकाच गोष्टीची तीन तीन नावे पडलेली असतात. प्रकाशवर्ष आणि नूरी साल ही जोडी सोपी आहे, दोन्हींत मुलांचा एकच घोटाळा होतो, की हे वर्ष आहे. ते वर्ष नाही, अंतर आहे, हे दर वर्षी नव्याने सांगावे लागते. अब्ज आणि अरब ही जोडी जरा त्रासदायक. ‘एक अरब साल’ म्हटले की मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी विचारतो, ‘सौदीवाला?’ वर्ग हसतो. मीही हसते आणि फळ्यावर एकावर नऊ शून्ये काढते.

आठवीच्या पुस्तकात शेवटी शेवटी ताऱ्यांच्या जीवनयात्रेचा पाठ येतो. परीक्षा तोंडावर असतात, पोर्शन संपवायचा असतो, त्यामुळे बिचारा हा पाठ बऱ्याच ठिकाणी वाचून दाखवण्यापुरताच होतो. पाठ तसा चांगला आहे. वायूचा थंड ढग स्वतःच्या वजनाने आकसतो, आत आत दाटत जातो, तापतो आणि शेवटी त्याच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते. तारा पेटला. पण हे एका ताऱ्याचे झाले. सगळ्यांत जास्त तारे कधी जन्मले, आणि नंतर ते जन्मणे का मंदावले, हे त्या पाठात नाही. आश्चर्य म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा तुकडा आमच्या दापोडीपासून हाकेच्या अंतरावर सापडला आहे.

दापोडी म्हणजे मुळा आणि पवना जिथे मिळतात ती जागा. हॅरिस पूल ओलांडला की पुणे. त्या पलीकडे गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. त्यांची दुर्बीण मात्र तिथे नाही. ती आहे नाशिक रस्त्यावर, नारायणगावाजवळ खोडद येथे. भोसरी, चाकण, राजगुरुनगर, मंचर आणि मग नारायणगाव. आमच्या वस्तीतली निम्मी माणसे पहिल्या पाळीला याच रस्त्याने चाकणपर्यंत जातात आणि तिथे उतरतात. रस्ता पुढे जातो.

या दुर्बिणीला जीएमआरटी म्हणतात. जमिनीवर उभ्या केलेल्या 30 प्रचंड अँटेना, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. त्यांतल्या 14 एका जागी जवळजवळ, बाकीच्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर दूरवर पसरलेल्या. सगळ्या मिळून 25 किलोमीटर रुंदीच्या एका दुर्बिणीचे काम करतात. ही कल्पना गोविंद स्वरूप यांची. 1960 च्या दशकात त्यांनी कल्याणजवळ ऑस्ट्रेलियातून आलेल्या छोट्या तबकड्या जोडून सुरुवात केली, 1970 मध्ये उटीच्या डोंगराच्या उतारावर मोठी दुर्बीण उभी केली आणि मग खोडद. 2001 मध्ये ती राष्ट्राला अर्पण झाली.

दर वर्षी 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदला लोकांना आत सोडतात. आसपासच्या शाळांची मुले आपापले प्रयोग मांडून बसतात, जत्राच भरते म्हणा. एका वर्षी मी आमच्या मुलामुलींना घेऊन गेले, बसमध्ये एक जागा रिकामी होती म्हणून अब्बांनाही बरोबर घेतले. अब्बा एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. आयुष्य लोखंड जोडण्यात गेले. त्यांना तारे वगैरे फारसे माहीत नाहीत, पण अँटेनेखाली उभे राहून त्यांनी मान वर केली ती बराच वेळ खाली केली नाही. मला वाटले भारावले. ते जोड बघत होते.

मग म्हणाले, ‘ये तो जाली है. इसमें से पानी गिर जाएगा, तेरी लहरें कैसे नहीं गिरतीं?’

प्रश्न इतका बरोबर होता की मी मुलांना जवळ बोलावले. अँटेनेची तबकडी खरोखरच भरीव पत्र्याची नाही. स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरांसारख्या ताणलेल्या तारांवर बसवली आहे. छिद्रे मधल्या भागात 1 सेंटिमीटरची, कडेकडेला 2 सेंटिमीटरची. ज्या लहरी पकडायच्या त्या याहून कितीतरी लांब, काही तर मीटरभर लांब. त्यांच्यासाठी ही जाळी म्हणजे भिंतच, त्या आदळून परत फिरतात. वारा मात्र आरपार निघून जातो. भरीव पत्रा लावला असता तर 45 मीटरच्या त्या छत्रीला वाऱ्यात सावरायला केवढे लोखंड लागले असते आणि केवढा पैसा! अब्बांनी मान हलवली. ‘हवा को जाने दिया, लहर को रोक लिया’, एवढेच म्हणाले. माझ्या बी.एड.च्या सगळ्या पाठ टाचणांत इतके नेमके वाक्य नाही.

आता त्या लहरीबद्दल. विश्वाच्या सुरुवातीला जे बनले ते बहुतेक हायड्रोजन आणि हेलियम. वजनाने पाहिले तर तीन हिस्से हायड्रोजन, एक हिस्सा हेलियम. तारे याच मालातून बनले. पण थंड हायड्रोजन चमकत नाही, डोळ्यांच्या दुर्बिणीला तो दिसत नाही. दहाव्या शतकात अब्दुर्रहमान अल्-सूफी यांनी देवयानी दीर्घिकेची नोंद एक लहानसा ढग अशी केली होती. त्यांना ढग वाटला तो खरे तर ताऱ्यांचा प्रकाश होता. खरा ढग, ज्यातून तारे बनतात तो, त्यांना काय आणि आपल्याला काय, नुसत्या डोळ्यांना दिसणे शक्यच नव्हते. पण हायड्रोजनचा अणू स्वतःहून कधीतरी एक छोटी रेडिओ लहर सोडतो, 21 सेंटिमीटर लांबीची. कधीतरी म्हणजे एका अणूच्या वाट्याला सरासरी एक कोटी वर्षांहून अधिक काळाने एकदा. अणू इतके अगणित आहेत म्हणून तरी काही ऐकू येते. दूरच्या दीर्घिकेतून ती लहर निघाली की वाटेत विश्व पसरत जाते आणि तीही ताणली जाते. 8 अब्ज वर्षांपूर्वी निघालेली 21 सेंटिमीटरची लहर खोडदला पोहोचते तेव्हा साधारण दुप्पट लांब झालेली असते. टीव्ही आणि मोबाईलच्या लहरी याच पट्ट्याच्या आसपास फिरत असतात, म्हणून त्या आवारात फोन बंद ठेवायला सांगतात. आमच्या मुलांनी एकमेकांचे खिसे तपासले.

विश्वात तारे बनण्याचा धूमधडाका सुमारे 10 अब्ज वर्षांपूर्वी होता. त्या काळात आजच्या साधारण दहा पट वेगाने तारे जन्मत होते. मग वेग उतरत गेला, आजही उतरतोच आहे. हे दुर्बिणींनी बरेच आधी दाखवले होते. पण का उतरला? मालाचाच हिशोब कुणापाशी नव्हता. इतक्या लांबच्या हायड्रोजनची कुजबुज ऐकणे कुणाला जमले नव्हते.

2018 मध्ये अद्ययावत केलेल्या जीएमआरटीने सुमारे 100 तास आकाशाच्या काही ठरावीक तुकड्यांकडे कान लावले. आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर हे पुण्याच्या केंद्रातले आणि शिव सेठी, के. एस. द्वारकानाथ हे बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेतले. त्यांनी 7,653 दीर्घिका निवडल्या. प्रत्येकीचे अंतर आधीच्या पाहणीतून माहीत होते, म्हणजे कुणाची लहर किती ताणून येणार हे माहीत होते. एकेकीचा आवाज काही केल्या ऐकू येण्यासारखा नव्हता. मग त्यांनी सगळ्यांचे आवाज एकावर एक रचले. वर्गात मी हे असे सांगते: बाहेर रेल्वेचा खडखडाट चालू आहे आणि एक मुलगी कुजबुजली, तर मला काही कळणार नाही. पण सगळ्या वर्गाने एकाच क्षणी एकच शब्द कुजबुजला तर? खडखडाट कधी वर कधी खाली, तो आपसांत फिटतो. शब्द मात्र साठत जातो. आमच्या वर्गावर लोकलचा आवाज येतो, त्यामुळे प्रयोग लगेच करता येतो. मी पाठमोरी उभी राहते, सगळे मिळून ‘सूरज’ कुजबुजतात. ऐकू येतो.

त्या 7,653 दीर्घिकांच्या बेरजेतून हायड्रोजन ऐकू आला. हा निबंध ऑक्टोबर 2020 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. गोविंद स्वरूप 7 सप्टेंबर 2020 रोजी पुण्यात गेले. दूरच्या, जुन्या काळातल्या हायड्रोजनचा शोध हे ही दुर्बीण उभारण्यामागच्या मोठ्या उद्दिष्टांपैकी एक होते. पाच-सहा आठवड्यांचा फरक. असो.

आकडे असे आले. 8 अब्ज वर्षांपूर्वीच्या त्या दीर्घिकांत सरासरी 12 अब्ज सूर्यांइतका हायड्रोजन वायू होता. ताऱ्यांत रूपांतर झालेल्या मालापेक्षाही जरा जास्तच. साठा भरपूर, गरिबी नाही. आणि तारे बनण्याचा वेग सरासरी वर्षाला पावणेआठ सूर्य.

मी हा हिशोब मुलांना गॅसच्या सिलिंडरवर करायला लावते. कोणाच्या घरी सिलिंडर किती दिवस जातो? हात वर होतात. पंचवीस दिवस, महिना, ‘हमारा पंद्रह दिन मॅडम, घर में ग्यारह लोग हैं’. सिलिंडर सगळ्यांचा सारखाच, 14.2 किलोचा. दिवस वेगवेगळे, कारण शेगडी वेगवेगळी पेटते. आता दीर्घिकेचा सिलिंडर 12 अब्ज सूर्यांचा, आणि वर्षाला जळतात पावणेआठ. भागाकार करा. दीड अब्ज वर्षे. विश्वाचे वय 13.8 अब्ज. त्या हिशोबात दीड अब्ज म्हणजे थोडेच दिवस. आज आपल्या आसपासच्या दीर्घिकांतला हायड्रोजन त्यांना कित्येक अब्ज वर्षे पुरेल, कारण शेगडी मंद झाली आहे. तेव्हाची मोठी होती. बाहेरून नवा वायू येत राहिला नसता तर ती लवकरच विझायला लागली असती, आणि नेमक्या त्याच काळापासून विश्वातली ताऱ्यांची पैदास उतरलेली दिसते. शास्त्रज्ञांचे म्हणणे हेच: दीर्घिकांच्या बाहेरच्या पोकळीतून जो वायू आत येत होता, तो खर्चाला पुरेनासा झाला. याच मंडळींनी पुढे आणखी मोठी, 500 तासांहून जास्त वेळाची पाहणी केली. तिच्यात दिसले की 9 अब्ज वर्षांपूर्वी साठा आणखी मोठा होता आणि पुढच्या सुमारे एक अब्ज वर्षांत तो तीन पटींनी घटला.

एका मुलीने विचारले, ‘मॅडम, गॅस खतम हुआ तो तारे कम, इतना समझा. पर बाहर से आना काहे को बंद हुआ?’

हा प्रश्न शास्त्रज्ञांतही वादाचाच आहे. विश्व पसरत गेले तसा बाहेरचा वायू विरळ झाला, त्याला ओढून आणणे कठीण झाले. मोठ्या दीर्घिकांभोवती पडणारा वायू इतका तापतो की निवून खाली बसायला त्याला फार वेळ लागतो. मधली कृष्णविवरे आणि फुटणारे तारे काही वायू बाहेर फुंकून टाकतात. यांतल्या कुणाचा वाटा किती, यावर अजून काम चालू आहे. मी तिला हेच सांगितले. तिने वहीत प्रश्नचिन्ह काढून पान मोकळे ठेवले.

ती गेल्यावर शिक्षकांच्या खोलीत बसले होते आणि समोर हजेरीचा तक्ता होता. आमच्या दहावीत या वर्षी 61 मुले आहेत. निकाल चांगला लागतो, गेल्या वर्षी दोघींना नव्वदच्या वर गुण पडले, फोटो लावला, पेढे वाटले. पहिलीत 13 मुले आहेत. मी लागले तेव्हा पहिलीच्या दोन तुकड्या होत्या. कुणी शाळा बंद केलेली नाही, कुणी वाईट चालवलेली नाही. आई-वडील मुलाला इंग्रजी माध्यमात घालतात, आणि ज्यांना परवडत नाही ते कर्ज काढून घालतात. आमच्या शिक्षकांपैकी निम्म्यांची मुले इंग्रजी माध्यमात आहेत, माझा मुलगा त्यांच्यातलाच. त्याला कहकशाँ हा शब्द माहीत आहे, लिहिता येत नाही. मला त्याबद्दल कोणी विचारले तर मी कारणे देऊ शकते आणि ती कारणे खरी आहेत: दहावीनंतर विज्ञान शाखा उर्दूतून जवळपास कुठे नाही, बारावीत सगळे इंग्रजीच, आणि पहिल्या सहामाहीत आमची हुशार मुलगीही गप्प बसायला लागते. दापोडीच्या रस्त्यावरून कुणी दहावीचा फलक पाहिला तर म्हणेल, काय चमकते आहे शाळा. चमक खरीच आहे. ती दहा वर्षांपूर्वी पहिलीत आलेल्यांची आहे.

दहावीच्या मुलांना शिकवताना हे मनात येऊ देत नाही. त्यांचा काय संबंध? त्यांना त्यांचा पाठ पुरा मिळाला पाहिजे.

नोव्हेंबर 2025 मध्ये पुण्याच्या त्याच केंद्रातून आणखी एक बातमी आली. राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या चित्रांत एक दीर्घिका शोधली. विश्व अवघे दीड अब्ज वर्षांचे असतानाची. त्या वयातल्या दीर्घिका बेढब, गुठळ्या झालेल्या असणार अशी अपेक्षा. आणि ही तर दोन नीट वळलेल्या भुजांची, आपल्या आकाशगंगेसारखी चक्राकार, सुमारे 30,000 प्रकाशवर्षे रुंद. तिच्यात वर्षाला 63 सूर्यांइतके तारे बनत होते, आपल्याकडच्या कितीतरी पट. त्यांनी तिला अलकनंदा नाव दिले. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, आणि हिमालयात मंदाकिनीची जोडीदार नदी अलकनंदा. मी बातमी मराठीत वाचली, फळ्यावर उर्दूत लिहिली. ‘अलकनंदा’ उर्दू लिपीत लिहिताना मुलांनी चार प्रकारे लिहिले, आणि एकाने विचारले की आपल्या दापोडीच्या संगमावरून कुणाचे नाव द्यायचे राहिले आहे का. मी म्हटले, तू शोध, तू ठेव. मुळा की पवना यावर दोन बाकांत भांडण लागले.

रात्री आमच्या गच्चीवरून यांतले काही दिसत नाही. महामार्गाचे दिवे, कारखान्यांचे दिवे आणि आता मेट्रोचे. आकाशगंगा दापोडीतून मी कधी पाहिलेली नाही. थंडीत मृग नक्षत्र तेवढे स्पष्ट उगवते. त्याच्या तीन ताऱ्यांच्या खाली जो अंधुक ठिपका आहे तिथे आजही वायूच्या ढगातून तारे बनत आहेत, 1,300 च्या आसपास प्रकाशवर्षांवर. मुलांना तो दाखवता येतो, लहान दुर्बीण मिळाली तर छानच. धूमधडाका संपला म्हणजे काम बंद पडले असे नाही. आपल्या आकाशगंगेत अजूनही वर्षाला एक-दोन सूर्यांइतका माल ताऱ्यांत जातो.

प्रश्नचिन्हवाल्या मुलीने दुसऱ्या आठवड्यात वही आणली. मोकळ्या पानावर तिने वजाबाकी केली होती. विश्वाचे वय 13.8 अरब, सूर्याचे 4.6 अरब, उरले 9.2. ‘मतलब अपना सूरज सब भीड़ जाने के बाद आया. लेट.’

लेट आला, बरोबर आहे. धडाक्याच्या काळानंतर पाच अब्ज वर्षांनी. पण तोवर आधीच्या ताऱ्यांनी आपल्या पोटात कार्बन, ऑक्सिजन, लोखंड शिजवून वायूत मिसळून दिले होते. अगदी सुरुवातीच्या ताऱ्यांभोवती पृथ्वीसारखा खडकाळ गोळा बनायला मालच नव्हता. हॅरिस पुलाच्या खालून वाहणारी वाळू, चाकणला येणारा पत्रा, तिच्या वहीला मारलेली पिन, सगळे त्या उशिरामुळे. तिने हे वहीत लिहून घेतले आणि पिनेला गोल केला.

संध्याकाळी मी अब्बांना सांगितले, की विश्वाच्या सुरुवातीला लोखंड नव्हतेच, ते पुढे ताऱ्यांत बनले. ते चहा पीत होते. थोडा वेळ विचार करून म्हणाले, ‘फिर पहले वालों के पास वेल्डिंग को कुछ था ही नहीं?’

नव्हते, मी म्हटले. हायड्रोजन आणि हेलियम, बस्.

‘खाली गॅस’, अब्बा म्हणाले, आणि त्यांनी बशी खाली ठेवली.